कोल्हापूरहून विमान : सांगली-साताऱ्याच्या प्रवाशाचा खरंच किती वेळ वाचतो?

सांगलीपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत मोजला तर साधारण ३०७ किलोमीटर भरतो. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळापासून तो ३०८ किलोमीटरवर आहे. म्हणजे सांगलीकर पन्नास किलोमीटर गाडी हाणून विमानतळावर पोहोचतो, तेव्हा मुंबई एका किलोमीटरनेही जवळ आलेली नसते. कऱ्हाडचं तर याहून उलटं. तिथून मुंबई सरळ रेषेत २४४ किलोमीटर, पण विमान धरायचं तर आधी पंचाहत्तर किलोमीटर दक्षिणेला जायचं. साताऱ्याहून मुंबईचं हवाई अंतर दोनशेच्या आतच आहे आणि कोल्हापूर गाठायला १२० किलोमीटर उलटा फेरा पडतो.

कोल्हापूरच्या विमानसेवेबद्दल बोलताना हा नकाशा आधी डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. सेवा चांगली की वाईट, याचं उत्तर तुम्ही कुठून निघता आणि कुठे जाता यावर इतकं अवलंबून आहे की सगळ्यांना मिळून एकच शेरा देणं चुकीचं ठरेल. तरी थोडक्यात सांगायचं तर मुंबईसाठी ही सेवा सांगली, मिरज, जयसिंगपूर या पट्ट्याला उपयोगी आहे, कऱ्हाडला जेमतेम, साताऱ्याला अजिबात नाही. नागपूर, हैदराबाद, बंगळूरू, तिरुपती या दिशांना मात्र तिच्याइतका वेळ दुसरं काहीही वाचवत नाही. गंमत अशी की सगळ्यात जास्त चर्चा होते ती मुंबईच्या फेरीची, आणि सगळ्यात कमी फायदा तिथेच आहे.

तिकिटावरचा तास

हवाई अंतर दाखवणाऱ्या वेबसाइट दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलाईवरून कमीत कमी अंतर काढतात आणि त्याला ताशी ८००-९०० किलोमीटरने भागतात. कोल्हापूर-मुंबईचं उत्तर मग वीस-बावीस मिनिटं येतं. काही ठिकाणी त्यात अर्धा तास मिळवलेला असतो. कऱ्हाड-कोल्हापूरचं 'उड्डाण अंतर' सत्तर किलोमीटर आणि वेळ काही मिनिटं, असंही त्या सांगतात. कऱ्हाडची धावपट्टी साधारण १२८० मीटरची आहे आणि तिथून प्रवासी विमानं सुटत नाहीत, हे त्यांच्या गणितात कुठेच नसतं. सांगलीजवळ कवलापूरच्या जुन्या धावपट्टीचं नावही अशा याद्यांत सापडतं, तिथेही प्रवासी सेवा नाही. अंतराचा आकडा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही, वेळेचा घेऊ नये.

तिकिटावर छापलेली वेळ ही ब्लॉक टाइम असते. चाकाखालचे चोक, म्हणजे अडकणी, काढून विमान हललं तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर थांबून चोक लागेपर्यंतचा काळ. त्यात जमिनीवरची सरकासरक आलीच. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान सरकायचा वेगळा रस्ता, नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकाला जाऊन वळावं लागतं, त्यात पाच मिनिटं जातात. मुंबईत उतरल्यावर विमान उभं करायच्या जागेपर्यंत जायला कधी पाच, कधी पंधरा मिनिटं.

हवेतला वेळ कसा खर्च होतो ते जेटच्या हिशेबाने पाहा. ३०८ किलोमीटर म्हणजे १६६ नॉटिकल मैल. चढायला साधारण बारा मिनिटं आणि त्यात ६० मैल पार. उतरायला पंधरा मिनिटं आणि ७० मैल. मध्ये सरळ, पूर्ण वेगात उडायला उरतात जेमतेम ३५-४० मैल, म्हणजे पाचेक मिनिटं. मुंबईजवळ रांगेत लागण्यासाठी वळसे घ्यावे लागतात त्याची पाच-आठ मिनिटं धरा. झाली चाळीस मिनिटं. एटीआरसारखं पंख्याचं विमान चढतं कमी उंचीवर, वेगही ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, तरी त्याला या मार्गावर पन्नास मिनिटांच्या आतच लागतात. फरक दहा मिनिटांचा. म्हणून मुंबईसाठी 'जेट आहे की एटीआर' हे पाहून तिकीट ठरवण्यात अर्थ नाही, सुटण्याची वेळ पाहून ठरवा.

अंतर वाढलं की फरक वाढत जातो. घरच्या घरी हिशेब करायचा असेल तर जेटसाठी किलोमीटरला १२ ने भागा आणि ३० मिनिटं मिळवा. एटीआरसाठी साडेसातने भागून २५ मिळवा. तिकिटावरच्या वेळेच्या आसपासचं उत्तर येतं. कोल्हापूर-मुंबई जेटने ५६ मिनिटं, एटीआरने ६६. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर, एटीआरने ८४ मिनिटं. बंगळूरू ५३२ किलोमीटर, एटीआरने ९६. तिरुपती ६५७ किलोमीटर : जेटने ८५, एटीआरने पावणेदोन तासांच्या वर. नागपूर ७०१ किलोमीटर : जेटने ८८ मिनिटं, एटीआरने जवळजवळ दोन तास. नागपूरला मात्र विमानाचा प्रकार जरूर पाहावा.

छापलेल्या वेळेत थोडी सैल जागा ठेवलेली असते, हेही लक्षात असू द्या. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवरच धरलं जातं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. तासाला पंचेचाळीसच्या आसपास चढ-उतार एवढीच या विमानतळाची ताकद. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी छोट्या विमानालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. त्या वेळी आकाशात दोन घिरट्या पडल्या की सगळी सैल जागा संपते. दुपारची फेरी यासाठी जास्त भरवशाची.

वाऱ्याचाही थोडा हात असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना विमान लवकर पोहोचतं आणि परतताना पाच-दहा मिनिटं जास्त घेतं. मुंबईच्या छोट्या पल्ल्यात हा फरक दोन-तीन मिनिटांपुरता.

दारापासून दारापर्यंत

सांगलीतल्या घरातून मंत्रालयापर्यंतचा हिशेब असा. सांगली ते उजळाईवाडी १ तास २० मिनिटं. विमानतळावर सुटण्याच्या सव्वा तास आधी. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतात आणि बोर्डिंग गेट २०-२५ मिनिटं आधी, त्यामुळे यात काटछाट करू नये. विमान एक तास. उतरणं, बॅग घेणं २५ मिनिटं. पुढे मेट्रो ३ ची ॲक्वा लाइन. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण धावते, विमानतळाच्या टी १ आणि टी २ या दोन्ही टर्मिनलना तिची स्वतंत्र स्थानकं आहेत आणि मंत्रालयासाठी विधान भवन स्थानकावर उतरायचं. चालणं धरून पाऊण ते एक तास. एकूण पावणेपाच ते पाच तास.

गाडीने पेठ नाका, कऱ्हाड, पुणे, द्रुतगती मार्ग असं ३७५ किलोमीटरच्या आसपास पडतं आणि विसावा धरून साडेसात-आठ तास लागतात. वाचले अडीच-तीन तास. मेट्रो सुरू होण्याआधी यातला तासभर टॅक्सीत, माहीम-वरळीच्या गर्दीत जायचा, म्हणून दक्षिण मुंबईत काम असणाऱ्यांसाठी आताचा फायदा खरा आहे.

पण काम वाशी, बेलापूर, पनवेल भागात असेल तर विमान सोडा. मुंबई विमानतळावर उतरून परत दीड तास पुण्याच्याच दिशेला यायचं, ज्या रस्त्याने गाडी आधीच आली असती. ठाणे-कल्याणचंही तसंच.

रेल्वेशी तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. महालक्ष्मी एक्स्प्रेस दहा-अकरा तास घेते खरी, पण ते तास रात्रीचे असतात. मिरज-सांगलीतून रात्री बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि मंत्रालय तिथून दोन-अडीच किलोमीटर. कामाच्या दिवसातला एक तासही जात नाही. विमानाने त्याच कामाला सकाळचे पाच तास जातात. दोन दिवसांचं काम असेल, तिकीट आधी मिळत असेल, तर जाताना रात्रीची गाडी आणि येताना विमान ही जोडी सगळ्यात हुशारीची. येतानाचं विमान यासाठी की कामाच्या थकव्यानंतर रात्री घरी झोपायला मिळतं.

कऱ्हाडकरांचा हिशेब : उजळाईवाडी दीड तास, बाकी सगळं वरच्यासारखंच, एकूण पाच तासांच्या वर. थेट गाडीने मुंबई सहा तास. वाचला जेमतेम तास, तोही विमान वेळेवर सुटलं तर. साताऱ्याहून गाडीने मुंबई पाच तासांत होते आणि कोल्हापूरमार्गे विमानाने जवळजवळ सहा. साताऱ्याचा विमानतळ पुण्याच्या लोहगावचाच. तिथे २५३५ मीटरची धावपट्टी, मोठी विमानं आणि दिल्लीसह लांबच्या शहरांना थेट सेवा आहे. अंतर ११५-१२० किलोमीटर, पण कात्रजपर्यंत दोन तास आणि कात्रज ते लोहगाव कधीकधी दीड. संध्याकाळचं विमान असेल तर कापूरहोळहून सासवड, दिवे घाट, हडपसर, मगरपट्टा, खराडी असा वळसा अनेकदा कमी त्रासाचा पडतो. फक्त आषाढी वारीत माऊलींची पालखी दिवे घाटात असते त्या दिवसांत तो रस्ता धरू नये.

जत, उमदी भागाने कोल्हापूर आणि सोलापूर दोन्ही तपासावेत. सोलापूरच्या होटगी रस्ता विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि त्या टोकाला तो जवळचा आहे. मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांना बेळगावचा सांब्रा विमानतळ हाही पर्याय आहे. सांगलीहून तो साधारण १३० किलोमीटर, पण धावपट्टी २३०० मीटरची असल्याने मोठी विमानं तिथे येतात.

न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला जाणाऱ्यांची मोठी संख्या होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्या वर्गाला आता मुंबईच्या विमानाची गरज उरलेली नाही.

जिथे ही सेवा पैसे वसूल करून देते

नागपूर हे त्याचं ठळक उदाहरण. सांगलीतून गाडीने नागपूर चौदा-पंधरा तास, महाराष्ट्र एक्स्प्रेसने चोवीस तासांच्या आसपास. विमानाने उजळाईवाडीचा रस्ता, सव्वा तासाची प्रतीक्षा, दीड तास उड्डाण आणि सोनेगावहून शहरात पंचवीस मिनिटं, सगळं मिळून पाच तास. नागपूरचा विमानतळ शहराला लागून असल्याने पुढचा वेळ कमी जातो, हा त्याचा मोठा गुण. मुंबईच्या पाच तासांच्या तुलनेत इथले पाच तास दुप्पट अंतर कापून देतात.

हैदराबादला सांगलीहून रस्ता पाचशे किलोमीटर, सोलापूरमार्गे साडेनऊ-दहा तास. विमानाने सव्वापाच-साडेपाच तास, कारण शमशाबादहून शहरात यायला पाऊण-एक तास लागतो. काम गचीबोलीत असेल तर बाह्यवळण रस्त्याने लवकर पोहोचता येतं, सिकंदराबादला असेल तर जास्त वेळ धरा.

बंगळूरूचं विमान चांगलं, विमानतळ लांब. देवनहळ्ळीपासून शहराच्या मध्यात यायला सव्वा तास सहज. एकूण सहा तास. रस्त्याने दहा-अकरा. पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर मात्र हा लांबपणा अडत नाही. दक्षिणेकडे किंवा परदेशी जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा बंगळूरूची जोडणी सोयीची पडते, टर्मिनल बदलायचं असलं तरी.

तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेस मिरजेवरून थेट जाते, वीस तासांच्या आसपास घेते. विमान दीड तासात रेणिगुंट्याला उतरवतं. तिथून तिरुपती शहर पंधरा किलोमीटर आणि तिरुमलाचा घाट वेगळा. दर्शनाचं तिकीट ज्या वेळेचं आहे त्याच्या आधी किमान सहा तास विमान उतरलेलं असावं. त्याच दिवशी दुपारच्या दर्शनाची वेळ घेऊन सकाळच्या विमानावर विसंबणं ही नेहमीची चूक आहे. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर या मार्गाला पर्याय नाही.

उजळाईवाडीपर्यंतचा रस्ता

सगळ्यात अनिश्चित तुकडा हाच. सांगली, अंकली, उदगाव, जयसिंगपूर, हातकणंगले, अतिग्रे, चोकाक, मग सांगली फाटा. तिथून महामार्गाने पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, उचगाव, उजळाईवाडी. पहाटे हा रस्ता तासाभरात संपतो. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर दीड तास धरावा.

गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीपासून मार्चपर्यंत, ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर हातकणंगले-जयसिंगपूर पट्ट्यात रांगेने असतात. ओलांडायला जागा मिळत नाही आणि रात्री मागच्या ट्रॉलीला दिवा नसला तर जिवाशी गाठ. या महिन्यांत पंचवीस मिनिटं जास्त. सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं चालू असलेल्या टप्प्यांत सेवारस्त्याने वळवलेली वाहतूकही वेळ खाते, कऱ्हाडहून येणाऱ्यांनी त्याची वीस मिनिटं धरावीत.

पावसाळ्यात वेगळाच प्रश्न. सांगलीकराला विमानतळ गाठायला आधी अंकलीजवळ कृष्णा आणि मग शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद झाला. अशा वेळी विमान उडत असलं तरी सांगलीकराला ते मिळत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी चाळीस फुटांकडे जायला लागली आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढती दिसली, की दुसऱ्या दिवशीचं तिकीट बदलण्याचा निर्णय आदल्या संध्याकाळीच घ्या, रात्रीची वाट पाहू नका.

स्वतःची गाडी नसेल तर मिरजेहून कोल्हापूरची पॅसेंजर साधारण तास-सव्वा तास घेते आणि स्थानकापासून विमानतळ नऊ-दहा किलोमीटर. एसटीने येत असाल तर तावडे हॉटेलला उतरून रिक्षा करा, मध्यवर्ती बसस्थानकात जाऊन परत यायचा फेरा वाचतो. वडापच्या, म्हणजे माणसं भरून जाणाऱ्या खासगी गाडीच्या, भरवशावर विमान धरू नये. ती भरल्याशिवाय सुटत नाही.

विमानतळ आणि विमान

नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं. जुन्या खोलीवजा इमारतीच्या तुलनेत जागा भरपूर, रांगा छोट्या. सुरक्षा तपासणी एकच विमान असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उरकते, दोन विमानांच्या वेळा जवळ आल्या तर अर्धा तास लागू शकतो. चेक-इन वेबवर करून, फक्त हातातली बॅग घेऊन आलं तर इथे मुंबई-पुण्यापेक्षा फार कमी दमणूक होते. छोट्या विमानतळाची ही बाजू पुरेशी सांगितली जात नाही. परतीला तर विमानातून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत वीस मिनिटं पुरतात.

धावपट्टी आधी १३७० मीटरची होती, ती १९३० मीटर केली गेली आणि २३०० मीटरपर्यंत नेण्याचं नियोजन आहे. या आकड्यांवर बरंच काही ठरतं. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. एप्रिल-मेच्या दुपारी ३८ अंश तापमानात इथली हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ वागते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी होतो, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं. ऐन वेळी धावपट्टी वाढवता येत नसल्याने वजन कमी करतात : इंधन मोजकं, कधी सामान पुढच्या फेरीने. पूर्ण भरलेलं एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ अशा दुपारी १९३० मीटरवरून उठवणं व्यवहार्य नाही. म्हणून इथे ७६ आसनांचं एम्ब्रेअर १७५ किंवा ७८ आसनांचं एटीआर ७२-६०० दिसतं. लांबच्या मार्गांवर उन्हाळ्यात सकाळची फेरी निवडावी, त्याचं हेही एक कारण.

दोन्ही विमानांत दोन-दोन आसनांच्या रांगा आहेत, मधलं आसन नाही. एटीआरमध्ये दरवाजा मागे असतो, त्यामुळे मागच्या रांगा लवकर उतरतात. मुंबईत घाई असेल तर मागचं आसन घ्या. पंखे बसवलेल्या जागेजवळच्या, म्हणजे पुढच्या काही रांगांत आवाज आणि थरथर जास्त. वरचे कप्पे लहान आहेत, चाकांची कडक ट्रॉली बॅग बहुधा बसत नाही आणि विमानाच्या पायरीजवळ काढून घेतात. त्यात लॅपटॉप, औषधं, कागदपत्रं ठेवू नका. सामानाची मर्यादा बहुतेक तिकिटांवर १५ किलो आणि हातात ७ किलो असते. गुळाची ढेप, काकवीचा डबा नेणाऱ्यांनी घरीच वजन करावं. काकवी, लोणचं, तूप हे पातळ पदार्थांत मोडतं आणि हातातल्या बॅगेतून तपासणीत बाहेर काढलं जातं, त्यामुळे ते चेक-इनच्या सामानातच द्यावं.

जून ते सप्टेंबर ढग खाली येतात. आयएलएससारखी, रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी अचूक यंत्रणा नसलेल्या विमानतळावर उतरायला वैमानिकाला जास्त उंचीवरून धावपट्टी दिसावी लागते. ती दिसली नाही की विमान घिरट्या घालतं, मग दुसरीकडे वळतं किंवा परत जातं. पुष्कळदा बाहेरून आलेलं तेच विमान तुमची फेरी घेऊन जाणार असतं, म्हणून ते उतरलं नाही तर तुमची फेरीही गेली. पावसाळ्यात निघण्यापूर्वी आपल्या विमानाआधीची फेरी सुटली का, हे विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहा. ती अजून मुंबईतच उभी असेल तर चहा घरीच घ्यायला हरकत नाही, पण काउंटर बंद व्हायची मूळ वेळ चुकवू नका. उशिराचा निरोप आला तरी काउंटर जुन्याच वेळेला बंद होऊ शकतो.

उशीर, रद्द आणि पैसे

इथे ब्लॉक टाइम पुन्हा कामाला येतो. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाने तिकिटाच्या परताव्याशिवाय भरपाई मिळते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. मुंबईची जेटची ५५ मिनिटांची फेरी पहिल्या गटात, हैदराबाद-नागपूर दुसऱ्यात. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, परतावा किंवा दुसरी फेरी मात्र मिळायलाच हवी. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय, सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरी फेरी किंवा पूर्ण परतावा.

तिकीट एजंटाकडून काढताना स्वतःचा मोबाइल क्रमांक घालायला सांगा. प्रवाशाने संपर्काचा तपशील नीट दिला नसेल तर भरपाईचा हक्क जातो, आणि रद्द झाल्याचा निरोप एजंटाच्या फोनवर पडून राहतो. गावाकडच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

मुंबईहून पुढचं विमान असेल तर दोन्ही तिकिटं एकत्र, एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी काढली तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. वेगळी काढणं भाग असेल तर टी १ आणि टी २ बदलण्यासह तीन तास, परदेशी उड्डाण असेल तर पाच तास मध्ये ठेवा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम म्हणजे जुना मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एकातून दुसऱ्यात जायला रस्त्याने दीड तास आणि वर गर्दी. पुढचं विमान एनएमआयहून असेल तर सांगलीकराने कोल्हापूरचं विमान सोडून थेट गाडीने पनवेल गाठणं शहाणपणाचं.

वेळापत्रक कधी बदलतं

वर्षातून दोनदा. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होतं. या दोन तारखांच्या पलीकडचं तिकीट आधीच काढलं असेल तर ती तारीख ओलांडल्यावर वेळ आणि वार पुन्हा तपासा. छोट्या मार्गांवर आठवड्यातले काहीच दिवस फेरी असते, आणि मंगळवारची बुधवारवर गेली की सगळं नियोजन कोसळतं.

मार्ग बंद का पडतात, याचं कारण छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेच्या रचनेत आहे. २०१६ च्या धोरणाप्रमाणे निवडलेल्या मार्गावर ठरावीक आसनं सवलतीच्या दरात विकायची, सुरुवातीची कमाल मर्यादा सुमारे तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये, आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. तीन वर्षं संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. सवलतीची आसनं मर्यादित असल्याने ती आधी संपतात आणि उरलेल्यांचं भाडं मागणीप्रमाणे चढतं. गणपती, दिवाळी, लग्नसराईत शेवटच्या आठवड्यात तिकीट घेणाऱ्याला मुंबईच्या एका तासासाठी दिल्लीइतके पैसे मोजावे लागू शकतात. तीन-चार आठवडे आधी, मंगळवार-बुधवारचं तिकीट बघा.

परतीची संध्याकाळची फेरी रद्द झाली तर लगेच हातपाय हलवावे लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटते, दादर आणि कल्याणला थांबते. रद्द झाल्याचा निरोप सहाच्या आत आला तर परतावा स्वीकारून मेट्रो किंवा लोकलने दादर गाठता येतं. सातनंतर आला तर ती गाडी धरण्याच्या नादी लागू नका, सायनहून सांगलीला जाणाऱ्या रात्रीच्या खासगी बसमध्ये जागा बघा. दुसऱ्या दिवशीच्या फेरीवर जागा देतो असं काउंटरवर सांगितलं, तर ती लेखी किंवा मोबाइलवरच्या निरोपात आल्याशिवाय तिथून हलू नका.